‘पेशंट समाधानी’ हा निकाल नव्हे

गेल्या सत्रातल्या तुमच्या केस फाइली मी एकेक करून वाचल्या. पहिल्या पानावर सगळं जागच्या जागी आहे. नाव, वय, ऑडिओग्राम, टिंपॅनोग्राम, मशीनचं मॉडेल, मोल्डचा प्रकार, सिरियल नंबर. शेवटच्या पानावर, जिथे उपचाराचा परिणाम लिहायचा असतो, तिथे तुम्ही सगळ्यांनी दोनच शब्द लिहिलेत: ‘पेशंट समाधानी’. समाधानी कशावरून, कधी विचारलं, कुणासमोर विचारलं, याचा एकाही फाइलीत पत्ता नाही. त्या माणसाचं आधी काय अडत होतं आणि आता काय अडत नाही, हे तर कुणीच लिहिलेलं नाही.

हा आळस आहे आणि मी तो खपवून घेणार नाही. पण मला जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यात काही चुकलंय असं तुम्हाला वाटतच नाही. उद्या तुमच्या नावापुढे ऑडिओलॉजिस्ट लागेल, लोक कष्टाचे पैसे मोजून तुमच्याकडून मशीन घेतील, आणि त्याचा उपयोग झाला का असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काही नसेल. म्हणून आज नीट ऐकून घ्या.

तुम्ही मोजलंत काय, ते आधी बघू. साउंडप्रूफ खोलीत माणसाला बसवलं, मशीन घालून पुन्हा टोन ऐकवले. आधी ५५ डेसिबलला हात वर करत होते, आता ३० ला करतात, म्हणून ‘२५ डेसिबलचा फायदा’ असं लिहून मोकळे झालात. अरे, मशीन आवाज मोठा करतं हे सिद्ध करायला माणूस कशाला हवा? ते कपलरला लावूनही कळलं असतं. दिलेला गेन खरोखर कानाच्या पडद्यापाशी पोचतो का, हे बघायला प्रोब मायक्रोफोन आहे. रिअल इअर मेजरमेंट प्रत्येक फिटिंगला झालंच पाहिजे. तुमच्यातल्या बहुतेकांनी तेही केलेलं नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘फर्स्ट फिट’ दाबलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण ते केलं असतंत तरी तेवढ्यावर भागलं नसतं. मशीन नीट बसलं का, हा एक प्रश्न. ते बसल्यामुळे माणसाचं रोजचं जगणं सोपं झालं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हे दोन प्रश्न वेगळे का, ते तुम्ही पहिल्या वर्षाला शिकलात आणि परीक्षा संपताच विसरलात. वयापरत्वे येणारा श्रवणदोष बहुधा उंच फ्रिक्वेन्सीपासून सुरू होतो. स्वरांचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तो ऐकू येत राहतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. ‘साठ’चे ‘आठ’ होतात आणि भाजीवाल्याशी विनाकारण हुज्जत होते. म्हणून ही माणसं तुमच्यासमोर बसून सांगतात, ‘आवाज येतो हो, पण शब्द कळत नाहीत.’ कॉक्लियातल्या बाहेरच्या ओळींमधल्या केसपेशी निकामी झाल्या की आवाज नुसता बारीक होत नाही, जवळजवळचे आवाज वेगळे करण्याची ताकदही जाते. डच शास्त्रज्ञ प्लॉम्प यांनी १९७८ मध्ये हे दोन भाग सुटे करून दाखवले होते: आवाज कमी होणं आणि आवाज बिघडणं. पहिल्यावर मशीनचा इलाज चालतो, दुसऱ्यावर फारसा चालत नाही. हा दुसरा भाग तुमच्या त्या शांत खोलीत दिसतच नाही. तो दिसतो चार माणसं एकदम बोलायला लागली की.

म्हणून गोंगाटात बोलणं किती समजतं, ते मोजायचं. ही मागणी मी नव्यानं करत नाही. कारहार्ट आणि टिलमन यांनी १९७० मध्येच हे सांगितलं होतं. ‘वर्ड्स इन नॉइज’ चाचणीत मागे अनेकांच्या बोलण्याचा गलबला असतो. शब्द आधी त्या गलबल्याच्या २४ डेसिबल वर ऐकवतात, मग चार-चार डेसिबलनं खाली येत दोन्ही एका पातळीवर आणतात. माणसाची गाडी कुठे अडते, ते तिथे उघडं पडतं. अर्थात तिची इंग्रजी शब्दयादी आपल्या आजींसमोर लावून ‘स्कोअर कमी’ असं लिहाल, तर तो गुन्हा तुमचा. मराठी माणसाची परीक्षा मराठी शब्दांनी, आणि तीही आधी नीट तपासून घेतलेल्या यादीनं घ्यायची. जागेवर सुचतील ते शब्द तोंडानं बोलून घेतलेल्या चाचणीला मी चाचणी म्हणत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०२५ मध्ये याच विषयावर मोठा अहवाल काढला. प्रौढांच्या श्रवणोपचारांमध्ये सगळ्यांनी मोजायलाच हवेत असे परिणाम कोणते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. अवघड परिस्थितीत बोलणं समजतं का, ही एक. ऐकू न येण्यामुळे मनावर आणि चार माणसांतल्या वावरावर जो भार पडतो तो हलका झाला का, ही दुसरी. या दोहोंपैकी एकही गोष्ट टोनच्या ऑडिओग्रामवरून कळत नाही. आणि तुमच्या फाइलीत ऑडिओग्रामखेरीज दुसरं काहीच नाही.

आता उद्दिष्टांकडे या. एका फाइलीत लिहिलंय, ‘उद्दिष्ट: संवाद सुधारणे’. हे कुणाचं उद्दिष्ट? हे वाक्य कुठल्याही माणसाच्या फाइलीत चिकटवता येईल, म्हणजे ते कुणाचंच नाही. त्या फाइलीतल्या आजोबांना मी पुन्हा बोलावून घेतलं. कुठे अडतं विचारलं तर तेही आधी म्हणाले, ‘तसं काही नाही, बरं आहे.’ मग म्हटलं, सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो ते सांगा. तेव्हा एकेक निघत गेलं. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून बोलते, मिक्सर चालू असतो, अर्धं बोलणं जातं. पुन्हा विचारलं की ती वैतागते, म्हणून आता ते विचारतच नाहीत. बँकेत काचेपलीकडून काय म्हणतात ते कळत नाही, म्हणून पेन्शनच्या कामाला मुलाला अर्धी रजा काढून सोबत न्यावं लागतं. सप्ताहात कीर्तनाला जातात, टाळ-मृदंग ऐकू येतो, पण बुवांचं निरूपण समजत नाही. पूर्वी पुढे बसायचे, हल्ली दाराशी बसतात आणि लवकर उठून येतात.

ही झाली तीन उद्दिष्टं. सुनेचं बोलणं, बँकेची खिडकी, कीर्तनातलं निरूपण. यांतलं प्रत्येक तपासता येतं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये हार्वे डिलन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यासाठीच ‘कोझी’ हा साधा तक्ता मांडला. मशीन देण्याआधी पेशंटनं स्वतः जास्तीत जास्त पाच प्रसंग निवडायचे, महत्त्वाप्रमाणे क्रम लावायचा. उपचारानंतर त्याच प्रसंगांबद्दल दोन गोष्टी विचारायच्या. आधीपेक्षा फरक किती पडला: बिघडलं, तसंच आहे, थोडं बरं, बरं, पुष्कळच बरं. आणि आता प्रत्यक्षात किती वेळा जमतं: क्वचित, अधूनमधून, निम्म्या वेळा, बहुतेक वेळा, जवळजवळ नेहमी. दोन्ही का विचारायचं? कारण माणूस ‘पुष्कळच बरं’ म्हणतो आणि तरी निम्म्या वेळाच ऐकतो, असं होतं. पहिल्या उत्तरावर थांबलात तर उरलेल्या निम्म्या वेळांसाठी काही करायचं तुम्हाला सुचणारच नाही. एका कागदाचं काम आहे. तो कागद एकाही फाइलीत नाही. आणि हे सगळं आधी विचारून ठेवलं नसेल तर नंतर विचारून उपयोग नाही, कारण तुलना करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘मॅडम, पेशंट स्वतःच म्हणाले की छान आहे.’ म्हणणारच. मशीनला मुलानं पैसे घातलेत, तो शेजारच्या खुर्चीत बसलाय. किंवा सरकारी योजनेतून फुकट मिळालंय. समोर पांढरा कोट घातलेले तुम्ही, नातवाच्या वयाचे, मनापासून धडपडताय. अशा वेळी आपल्याकडचं कुठलं वडीलधारं माणूस तुमच्या तोंडावर ‘काही उपयोग नाही’ म्हणेल? तो त्यांचा भिडस्तपणा आहे आणि तुम्ही त्याला पुरावा समजता. फिटिंग तुम्ही करायचं, तिथल्या तिथे विचारायचंही तुम्ही, आणि उत्तर ‘छान’ असं लिहायचंही तुम्हीच. स्वतः सोडवलेला पेपर स्वतःच तपासून पैकीच्या पैकी गुण घेण्यासारखं आहे हे.

भिडेपलीकडे मनाचाही खेळ असतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांना अगदी एकसारखी दोन मशीन दिली. त्यांतल्या एकाला ‘नवीन’ म्हटलं, दुसऱ्याला नेहमीचं. बहुतेकांनी ‘नवीन’ पसंत केलं, आणि गोंगाटात शब्द ओळखण्याच्या चाचणीतही त्याच मशीननं जास्त गुण मिळाले. म्हणजे निव्वळ अपेक्षेनं चाचणीचा आकडा हलला. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ह्यूम्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात एका गटाला दिलेली मशीन आवाज वाढवतच नव्हती, तशी मुद्दाम बसवलेली होती. पेशंटला ते माहीत नव्हतं, चाचणी घेणाऱ्यालाही नव्हतं. त्या गटातल्याही सुमारे एकतृतीयांश लोकांनी मशीन विकत ठेवायची तयारी दाखवली. रीतसर फिटिंग झालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ८१ टक्के होतं. या दोहोंतलं अंतर हा खरा उपचार. तुम्ही पूर्ण आकडा स्वतःच्या नावावर लावता.

मग विचारायचं कसं? आधी आणि नंतर तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं, शक्य तर फिटिंग न केलेल्या माणसानं. व्हेंट्री आणि वाइनस्टाइन यांची ज्येष्ठांसाठीची ‘एचएचआयई’ प्रश्नावली १९८२ पासून आहे. पंचवीस प्रश्न. ‘हो’ला चार गुण, ‘कधीकधी’ला दोन, ‘नाही’ला शून्य. शंभरपैकी जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. पासष्टच्या आतल्यांसाठी वेगळी आवृत्ती १९९० मध्ये आली. सगळ्याच प्रौढांना चालेल अशी अठरा प्रश्नांची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये आली. नावं पाठ आहेत तुमची, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणता. वापरत मात्र कुणी नाही.

आणि ज्या दोघांनी वापरली त्यांनी काय केलं? एकानं प्रश्न तोंडी मराठीत सांगत नेले, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत. प्रश्नाचे शब्द बदलले की मोजपट्टी बदलली. भाषांतर करायचं तर ते बसून करायचं, दुसऱ्याकडून उलट तपासून घ्यायचं, लोकांवर आजमावून बघायचं, आणि मग त्यातला शब्दही हलवायचा नाही. दुसरीनं ४२ चे ३८ झाले म्हणून ‘लक्षणीय सुधारणा’ असं लिहिलं. चार गुण म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’वरून ‘नाही’वर गेलं, एवढंच. याच प्रश्नावलीवर १९८६ मध्ये काम झालंय. समोर बसून विचारली तर सुमारे १९ गुणांपेक्षा कमी फरक खरा मानता येत नाही, कारण काहीही उपचार न करता पुन्हा विचारलं तरी तेवढे गुण हलू शकतात. माणसाला कागदावर स्वतः भरायला दिली तर हीच मर्यादा सुमारे ३६ वर जाते. आधी तोंडी आणि नंतर कागदावर, असा घोळ का घालायचा नाही, हे आता तरी कळलं का?

इथे आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फरक खरा आहे का, हा एक प्रश्न. तो फरक त्या माणसाला जाणवण्याइतका आहे का, हा निराळाच प्रश्न आहे. शेकडो लोक घेतले की दोन गुणांचा फरकही संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’ ठरतो. त्या दोन गुणांनी कुणाचाही दिवस बदलत नाही. उलट चांगल्या उपचारानं मोठा फरक पडतो, हेही सिद्ध झालेलं आहे. टेक्सासमध्ये मलरो आणि सहकाऱ्यांनी १९४ वयस्क माजी सैनिकांची नीट विभागणी केली, एका गटाला मशीन लगेच दिलं, दुसऱ्याला प्रतीक्षायादीवर ठेवलं. चार महिन्यांनी याच प्रश्नावलीवर दोन्ही गटांत सरासरी ३४ गुणांचं अंतर होतं. ते निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात सौम्य ते मध्यम दोषाचे पाच प्रयोग आणि ८२५ माणसं होती, आणि तिथेही फरक २६ गुणांच्या आसपास निघाला. म्हणजे आपलं शास्त्र पोकळ नाही. मशीन खरोखर उपयोगी पडतात. म्हणूनच तुमच्या हातून ती उपयोगी पडली की नाही, हे न बघणं अक्षम्य आहे.

कधी विचारायचं, हेही तुम्हाला सांगावं लागतं. फिटिंगच्या दिवशी पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचा आवाज, सगळंच परकं वाटतं. काहींना उलट पहिल्या दिवशी फार नवलाई वाटते. दोन्ही उत्तरं कच्ची. काही आठवडे घरात, बाजारात, लग्नकार्यात वापरू द्या, मग विचारा. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. घरच्यांनाही वेगळं विचारा, कारण टीव्हीचा आवाज आणि एकच वाक्य तीनतीनदा सांगण्याचा शीण त्यांच्याही वाट्याला येतो. मशीन रोज किती तास चालू होतं ते सॉफ्टवेअर दाखवतं, तेही बघा. मात्र दहा तास कानात आहे म्हणजे दहा तास उपयोग होतोय, असं समजू नका.

आणि जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय? तुमच्या तक्त्यात ते नाहीतच. आलेल्यांपैकी इतके खूश, असं लिहून तुम्ही टक्के काढलेत. ज्यांचं मशीन शिट्टी मारतं म्हणून कपाटात गेलं, ज्यांना बॅटरीचं दार नखानं उघडता येत नाही, ज्यांना तुमच्यापर्यंत यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, ते या टक्क्यांत कुठे आहेत? न आलेला माणूस छेदातून वगळायचा नाही. शिबिरात किती मशीन वाटली, हा आकडा सामानाच्या वहीत शोभतो. उपचाराच्या अहवालात किती माणसांचं काय सुधारलं, ते लिहावं लागतं.

यापुढे एक गोष्ट कुणाच्याही तोंडून मला ऐकायची नाही. ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश टळेल.’ अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ प्रयोगात ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं काम झालं, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. आधीपासून जास्त जोखीम असलेल्या एका गटात मात्र ती घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. हे महत्त्वाचं आहे आणि यावर पुढे काम व्हायलाच हवं. पण तो ४८ चा आकडा तेवढा उचलून घाबरलेल्या मुलाला मशीन गळ्यात मारणं, हा बाजार झाला. ऐकू येऊन माणसांत बसता येणं हे फळ पुरेसं मोठं आहे. त्याला खोटी जोड देऊ नका.

वेळ नाही, ही सबब मला सांगू नका. दहा प्रश्नांना लागतात किती मिनिटं? मॉडेलचं माहितीपत्रक समजावून सांगायला त्याहून जास्त वेळ घालवता तुम्ही. खरी अडचण मला ठाऊक आहे: मोजलं आणि उत्तर वाईट निघालं तर? निघू दे. त्यासाठीच मोजायचं. उपयोग झाला नाही हे कळलं तर गेन बदलता येतो, मोल्ड बदलता येतो, बोलणाऱ्याजवळ ठेवायचा मायक्रोफोन देता येतो, ‘समोर येऊन बोल’ हे सुनेला समजावता येतं, गरज असेल तर कॉक्लियर इम्प्लांटसाठी पाठवता येतं. कळलंच नाही तर यांतलं काहीच होत नाही आणि तो माणूस ‘माझे कानच गेलेत’ म्हणून गप्प बसतो. तुमच्या ‘समाधानी’ या शब्दानं त्याच्यासाठी पुढचे सगळे रस्ते बंद केलेत.

आता काय करायचं ते सांगते. या सगळ्या फाइली परत न्या. प्रत्येक पेशंटला फोन लावा. त्यांना फोनवर ऐकू येत नसेल तर घरच्यांशी बोला आणि बोलावून घ्या. येता येत नसेल तर तुम्ही जा. काय जमतं, काय अजून जमत नाही, ते त्यांच्या शब्दांत लिहून आणा. आधीची नोंद नाही, तर ‘आधीची नोंद नाही’ असं स्पष्ट लिहा, मागाहून रचू नका. नव्या पेशंटची प्रश्नावली आणि प्रसंगांची यादी मशीन उघडण्याआधी भरलेली हवी. ‘उपयोग झाला नाही’ असं लिहायची वेळ आली तर तेही न लाजता लिहा, आणि त्याखाली पुढे काय करणार ते लिहा. अशा फाइलीवर मी आनंदानं सही करीन. ‘पेशंट समाधानी’ एवढंच लिहिलेल्या फाइलीवर यापुढे माझी सही होणार नाही.